आऊटबॉक्समधली चंद्रभागा

एक फोन केला असता तर काम झालं असतं. ‘तात्यासाहेब, तुमचं देवक कोणतं?’ चार शब्द. पण मी ठरवलं, फोन नको, कंप्युटरातून काढू. तिथून पुढं जे झालं त्यात तेवीस घरांत गोंधळ उडाला, माझ्या नातीची सोयरीक टांगणीला लागली आणि मला एका बैठकीत चौदा वडे खावे लागले. वड्यांचं कुणी मनावर घेत नाही. मी घेतो.

मी सर्जेराव. राहणार हर्सूल. हर्सूलच्या जेलात तीस वर्षं काढली. (दारावर. नोकरीला. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही खिसा चाचपत बसाल.) शिक्षण सातवी पास, आठवीत दोन वर्षं हजर. रिटायर झाल्यावर समाजाचं वधूवर मंडळ काढलं. तीस वर्षं लोकांना आत टाकत होतो, म्हटलं आता लग्नं लावू. काम तेच. फरक एवढाच की इथं लोक बँड लावून येतात.

मंडळाचा कारभार मेलवर चालायचा. माझ्या मुलानं, राजकुमारनं, भला मोठा कंप्युटर आणून दिला होता. लोक मुलामुलींची माहिती धाडायचे, मी एका बोटानं उत्तरं ठोकायचो. नियम एकच, पण कडक: पितृपंधरवड्यात स्थळ पाठवायचं नाही. आमच्याकडं पितरपाठात कुणी सोयरिकीचा शब्द काढत नाही. पंधरा दिवस पितरांचे. पण लोकांच्या मेली थोड्याच थांबतात? म्हणून मी काय करायचो, इंटरनेटची वायर काढून उत्तरं लिहून ठेवायचो. ती सगळी आऊटबॉक्स नावाच्या कोठडीत जाऊन बसायची. घटस्थापनेला सकाळी आंघोळ करून वायर लावली की एकदम सुटका. कैद्यांना पंधरा ऑगस्टला सोडतात, मी घटस्थापनेला सोडायचो.

नऊ वर्षांमागं मात्र घटस्थापनेच्या दोन दिवस आधी कंप्युटरात पाल शिरली. पाल गेली, कंप्युटर गेला. आदल्याच दिवशी राजकुमारच्या धाकानं मी सगळ्या मेलींचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला होता. तो घेतला आणि विसरलो. पुढं प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला, स्थळं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागली, मंडळ आपोआप बंद पडलं.

आता नातीचं. तनुजा, राजकुमारची मुलगी, वय सव्वीस, कंपनीत इंजिनिअर. बिडकीनच्या तात्यासाहेबांचा धाकटा ऋतुराज त्याच कंपनीत. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं. आम्हाला नुसतं पोहे खायला बसवलं होतं. पोरगा लाखात एक. पण तात्यासाहेब! हा माणूस हसल्याची नोंद कुठंच नाही. त्यांच्या लग्नाचा फोटो मी पाहिलाय. त्यात ते पंचनाम्याला आल्यासारखे उभे आहेत.

पोहे झाले, चहा झाला. राहिलं देवक. आमच्यात दोन्ही घरांचं देवक एकच निघालं तर मुलगा-मुलगी भाऊबहीण धरतात आणि सोयरीक तिथंच मोडते. मी विषय काढला तर तात्यासाहेब म्हणाले, “आमची सगळी माहिती तुमच्याकडं आहे. नऊ वर्षांमागं थोरल्यासाठी, शिवमसाठी, तुमच्या मंडळाला मेल केली होती. तुमचं उत्तर काही आलं नाही, तो भाग वेगळा. पण मेल जपली असेल.”

“व्हय तर! फायलीला लावून ठेवलीय,” मी बोलून गेलो.

“मग बघा आणि घटस्थापनेला कळवा. देवक वेगळं असलं की साखरपुड्याचं बोलू.”

(कसली फायल आणि कसलं काय. पण एकदा ‘लावलीय’ म्हटल्यावर फोन करून ‘तुमचं देवक कोणतं’ विचारायचं कोणत्या तोंडानं?)

पाहुणे गेल्यावर तनुजानं मला गेटापाशी गाठलं.

“आबा, लग्न होईपर्यंत एकही गंमत करायची नाही. माझी शपथ घ्या.”

तिचंही बरोबर होतं. तिच्या बापाच्या साखरपुड्यात मी अंगठीच्या डबीत चिंचोका ठेवला होता. ती गोष्ट घरात अजून सांगतात, आणि सांगताना माझ्याकडं बघतात. मी शपथ घेतली. आता तुम्हीच सांगा, नऊ वर्षांमागं करून ठेवलेली गंमत या शपथेत धरायची का नाही?

राजकुमारनं महिन्यापूर्वीच नवा लॅपटॉप आणला होता. पोह्यांनंतर लगेच पितरपाठ लागला. आमच्या घरचं पितर झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सून मेघा रजेवर घरीच होती. ती एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. तिला कंप्युटर घाबरतो, मलाही थोडी भीती वाटते.

“मेघा, जुन्या मेली या नव्या डब्यात भरता येतील का?”

“बॅकअप असला तर येतील. कुठंय पेनड्राइव्ह?”

तो आमच्या गोजरबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, हळदीच्या डब्यात ठेवला होता. ‘तुमचं सामान हरवतं, हळद हरवत नाय,’ हा तिचा हिशेब. पेनड्राइव्ह नखशिखांत पिवळा झालेला. मेघानं पुसून लावला. आत पाच फायली. नावं मीच दिलेली: मेल जुनं, मेल नवं, मेल लई नवं, मेल हेच खरं, मेल हेच खरं दोन.

“आबा, यातलं खरं कोणतं?”

“हेच खरं.”

“ते दोन आहेत.”

“मग दुसरं. पहिलं मला तेव्हा खरं वाटलं होतं.”

मेघानं काहीतरी टाकलं, काहीतरी जोडलं, माझ्याकडून जुना पासवर्ड काढून घेतला, आणि बघता बघता स्क्रीनवर मेली धबाधबा उतरायला लागल्या. सगळी जुनी नावं! कुणाची मुलगी, कुणाचा भाचा, कुणाचा मंगळ. मला जुने कैदी भेटल्यासारखं झालं. मेघा तात्यासाहेबांची मेल शोधत होती तेवढ्यात आतून दुधाचा वास आला.

“दूध! आबा, मी आलेच. कशालाही हात लावू नका.”

मी हात मांडीखाली घेऊन बसलो. खरंच बसलो. पण ती गेली आणि स्क्रीनच्या मध्यावर एक चौकोन उगवला. इंग्रजीत दोन ओळी आणि खाली दोन बटणं. मी वाट बघितली, तो जाईना. माणूस दारात उभा राहून काहीतरी विचारतोय आणि आपण गप्प, हे बरं दिसत नाही. आणि समोरच्यानं न कळणारं काही विचारलं तर ‘व्हय’ म्हणायचं, या एका तत्त्वावर मी पन्नास वर्षं संसार केलाय. मी ‘व्हय’चं बटण दाबलं.

(चौकोनात काय होतं ते मेघानं नंतर सांगितलं. ‘न पाठवलेली पत्रं आता पाठवू का?’ असं त्यानं विचारलं होतं. बिचाऱ्यानं रीतीनं विचारलं होतं.)

खाली एक हिरवी पट्टी पळायला लागली. तेवीसपैकी एक. तेवीसपैकी दोन. तेवीस काय? तेवीस कोण? आणि मग माझ्या ध्यानात आलं. आऊटबॉक्स! नऊ वर्षांमागच्या पितरपाठातली तेवीस स्थळं कोठडीतून निघाली होती, आणि दार मीच उघडलं होतं. त्यातल्या सगळ्या मुलींची लग्नं होऊन गेलेली!

मी लॅपटॉपची वायर भिंतीतून उपटली. जुना कंप्युटर असा उपटला की मरायचा. हा मेला नाही. याच्या पोटात बॅटरी असते म्हणे. तेवीसपैकी सात. मी इंटरनेटच्या डबीकडं धावलो आणि तिची वायर ओढली. आतल्या खोलीतून गोजरबाई ओरडली, “अहो, टीव्ही गेला! तिला आता खरं सांगणारच होता तो!” मी टीव्हीची वायर ओढली होती. तेवीसपैकी चौदा. मग मी लॅपटॉपवर उशी ठेवली. का ठेवली ते मला विचारू नका. जेलात तीस वर्षं माझ्या हातून एक माणूस पळाला नव्हता, आणि इथं एका मिनिटात तेवीस गेले, तेही उशीखालून.

मेघा आली तेव्हा मी उशीवर बसलेलो होतो. तिनं मला उठवलं आणि स्क्रीन वाचली. तिचा चेहरा उतरत गेला.

“आबा, ही सगळी स्थळं आत्ता गेली? पितरपाठात?”

“चुकून.”

“यात तात्यासाहेबांना पण एक गेलंय. ‘चि. शिवम यांस अनुरूप स्थळ.’ कुणाचं आहे?”

“असंच. साधंच.”

“कुणाचं?”

“चंद्रभागेचं.”

“कोण चंद्रभागा?”

आतून टीव्हीची वायर लावता लावता गोजरबाईचा आवाज आला, “चंद्रभागा? आपली म्हैस?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तात्यासाहेबांनी शिवमसाठी जी मेल केली होती तिच्यात मुलीकडून एकोणीस अपेक्षा होत्या, नंबर घालून. उलट बोलणारी नको. पहाटे चारला उठणारी हवी. माहेरी सारखी जाणारी नको. ते वाचून माझे हात शिवशिवले. तेव्हा आमच्या दारात चंद्रभागा नावाची म्हैस होती, आणि देवाशप्पथ, ती बऱ्याच अपेक्षांत बसत होती. मी तिची रीतसर माहिती लिहून आऊटबॉक्सात टाकली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. गोजरबाईला वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली होती, “काढून टाका ते.” मी म्हणालो होतो, “काढलं.”

“काढलं म्हणाले होते तुमी!” गोजरबाई आता दारात येऊन उभी राहिली.

“काढणार होतो. मधेच पाल आली.”

मेघा खुर्चीत बसली. चिडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, “आबा, तनू पहिल्यांदा कुणाचं तरी नाव घेऊन घरी आली. मी तिला काय सांगू? तुझ्या आबांनी तुझ्या सासऱ्यांना म्हैस पाठवली?”

मी उशीचा अभ्रा सारखा करायला लागलो.

तेवढ्यात माझा फोन वाजला. “आबा, मी सायली. फर्दापूरहून. ओळखलं का? तुम्हीच माझं लग्न जमवलं होतं.” ओळखलं नाही तर काय! तिचं स्थळ त्या तेविसांत होतं; पाल शिरल्यावर ते मी समक्ष जाऊन जमवलं होतं. “तुम्ही आत्ता माझं स्थळ आमच्याच घरी पाठवलंय. माझ्या सासऱ्यांना. ते फोटो बघतायत आणि म्हणतायत, ही पोरगी आपल्या सायलीपेक्षा उजवी होती, तेव्हा का दाखवली नाय!”

“त्यांना सांग, तीच आहेस तू.”

“सांगितलं. पटत नाय त्यांना.”

मी फोन ठेवला आणि टोपी घातली. ऋतुराज पोह्यांच्या वेळी बोलता बोलता म्हणाला होता, वडील दिवसातून एकदाच मेल बघतात, दुपारच्या जेवणानंतर चष्मा लावून. साडेअकरा झाले होते.

मेघा म्हणाली, “जा आणि खरं सांगून माफी मागा. गंमत करू नका.”

मी मान हलवली. पण मनात योजना वेगळी होती. तात्यासाहेबांचा फोन जरा बघायला मागायचा, चंद्रभागेला हळूच पुसायचं, पाणी पिऊन परत यायचं. (माफी मागायची वेळ आली नाही तर माफी मागायची कशाला? हेही एक तत्त्वच.)

नाक्यावर रिक्षा मिळाली. मी म्हणालो, बसस्टँड, आणि पळव.

“चाचा, इत्ती घाई काय की? क्या हुआ?”

“म्हैस सुटलीय.”

“किदर गई?”

“बिडकीनला.”

रिक्षावाल्यानं वळून बघितलं. “हर्सूल से बिडकीन? यष्टी पकडके गई क्या भैंस?”

मी हसलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या विनोदाचा मला राग आला. पैठणच्या गाडीत उभं राहून गेलो. प्रत्येक थांब्याला कंडक्टर लोकांना शांतपणे चढवत होता आणि मला घाम फुटत होता. एक वाजत आला. तात्यासाहेब आता हात धूत असतील. आता चष्मा पुसत असतील.

बिडकीनला उतरून जवळजवळ पळतच गेलो. तात्यासाहेबांच्या दारात पोचलो तर आवाडाबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, उंबऱ्यात उभ्या राहून रस्त्याकडं डोळे लावून बघत होत्या. मला बघून त्यांनी हात जोडले.

“अहो बघा, कोण आलं! पितरच आला चालत!”

झालं होतं असं. त्या दिवशी त्यांच्या घरी तात्यासाहेबांच्या वडिलांचं पितर होतं. आमच्याकडं पितर घालतात म्हणजे एका वडीलधाऱ्या माणसाला बोलावून, तोच आपला गेलेला माणूस आहे असं धरून, पाय धुऊन जेवू घालतात. पलीकडच्या गल्लीतले म्हातारे ठरलेले होते, त्यांना सकाळपासून ताप. कावळ्याचा घास कावळा घेऊन गेला, ताट वाढून तयार, आणि जेवायला पितरच नाही! घरात कुणाचं जेवण झालेलं नाही.

कुणाचं जेवण झालेलं नाही! माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे मेल वाचलेली नाही.

मी काही बोलायच्या आत मला पाटावर बसवलं. तात्यासाहेबांनी माझे पाय धुतले. कपाळाला गंध लावलं. मग वाकून नमस्कार करून म्हणाले, “बाबा आले असं मी समजतो. पोटभर जेवा.” त्यांचा आवाज जरा भरून आला होता. मला लाज वाटली. खरंच वाटली. ताटात खीर, कढी, भाज्या, आणि मेथीचा वास येणारे गरम वडे. आणि समोर, वडिलांच्या फोटोखालच्या कोनाड्यात, तात्यासाहेबांचा फोन.

“तात्यासाहेब, तो फोन जरा...”

“बाबांनी जेवताना बोलू नये. हयातीतही बोलत नव्हते.”

मी वडा तोडला. ऋतुराज वाढत होता. पितरासाठी त्यानं रजा टाकली होती. दुसरा वडा खाल्ला तेवढ्यात कोनाड्यात टिंग वाजलं.

तात्यासाहेबांच्या हातात कढीचं भांडं होतं. “ऋतुराज, बघ रे कुणाचं काय आलंय. सकाळपासून वाजतंय.”

ऋतुराजनं फोन घेतला. “वीज बिलाचा मेसेज आहे. आणि एक मेल. आबा, तुमचीच आहे की! ‘चि. शिवम यांस अनुरूप स्थळ.’”

आवाडाबाई म्हणाल्या, “शिवमला? त्याला दोन पोरं झाली!”

“नऊ वर्षांमागची दिसते,” तात्यासाहेब म्हणाले. माझ्याकडं बघून पहिल्यांदाच जरा मऊ झाले. “उत्तर आलं एकदाचं. वाच मोठ्यानं.”

ऋतुराज वाचायला लागला. “नाव: चंद्रभागा. रंग: काळा, पण तुकतुकीत. डोळे: मोठे. स्वभाव: शांत. आपल्या अपेक्षा क्रमांक चारप्रमाणे कधीही उलट उत्तर देत नाही. क्रमांक सहाप्रमाणे पहाटे चारला उठते आणि इतरांनाही उठवते. क्रमांक नऊप्रमाणे माहेरी जाण्याचा हट्ट नाही.”

“चांगली होती की,” आवाडाबाई म्हणाल्या. “आपलं नशीब. आताची नऊला उठते.”

“शिक्षण: नाही, पण हाक मारली की येते. आहार: शुद्ध शाकाहारी. वजन...” ऋतुराज थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी ताटाकडं बघितलं. पोरगा हुशार. त्याला कळलं. “बाबा, पुढं नेट गेलंय बहुतेक.”

“आलेल्या मेलीला नेट कशाला लागतं? वाच.”

“वजन: साडेचारशे किलो.”

“किती?” आवाडाबाई.

“साडेचारशे. शिंगं: दोन.”

बाहेर कावळा ओरडला. मी तिसरा वडा तोंडात घातला, कारण तोंड रिकामं ठेवायची भीती वाटत होती.

“मुलीकडच्यांची अपेक्षा,” ऋतुराज अगदी बारीक आवाजात वाचत होता, “एकच. मुलाच्या वडिलांनी रोज सकाळी स्वतः शेण काढावं.”

तात्यासाहेबांनी कढीचं भांडं खाली ठेवलं. मिशी हलली नाही. “सर्जेराव, हे तुम्ही लिहिलं?”

मला एकच वाट दिसली. मी म्हणालो, “तात्यासाहेब, मी सध्या तुमचा बाप आहे. पितराला ताटावर रागवत नाहीत. जेवण झालं की विचारा.”

ते माझ्याकडं बघत राहिले. मग वाकले, टोपलीतला वडा उचलला आणि माझ्या ताटात ठेवला. “बरोबर आहे. जेवा बाबा.”

मी खाल्ला. त्यांनी आणखी ठेवला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी कोठडीत शिरलोय आणि किल्ली माझ्याच हातात आहे, पण बाहेर यायची हिंमत नाही. जोवर खातोय तोवर मी बाप. उठलो की सर्जेराव. सहा. सात. कपाळावरचं गंध घामानं नाकावर उतरलं. आठ. आवाडाबाई पदर तोंडाला लावून भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या, त्यांचे खांदे हलत होते. रडतायत का हसतायत, कळेना. अकरा. ऋतुराज कुजबुजला, “आबा, बस करा, काहीतरी होईल तुम्हाला.” मी कुजबुजलो, “उठलो तर जास्त होईल.” चौदाव्या वड्याला मला दिसायला जरा कमी झालं आणि मी हात वर केले.

हात धुतले. तात्यासाहेबांनी रीतीनं टॉवेल दिला. आणि मग म्हणाले, “हां. बोला सर्जेराव.”

मी बोललो. मीठमसाला न लावता. शपथ, पाल, चौकोन, फायलीचं खोटं, फोन पुसायचा बेत, सगळं. म्हणालो, “चूक माझी आहे. पोरीला यातलं ठाऊकही नाही. ती माझ्यासारखी नाही, आजीवर गेलीय. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, तिला देऊ नका.” असं सरळ बोलायची सवय नसल्यानं माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

तात्यासाहेबांनी टॉवेल परत घेतला, त्याची नीट घडी घातली. मग म्हणाले, “पितरपाठात सोयरिकीचं बोलत नसतात. घटस्थापनेला कळवतो.”

घरी आलो. तनुजानं ऋतुराजकडून फोनवर सगळं ऐकलं होतं. ती ओरडली असती तर मी निभावलं असतं. ती म्हणाली, “जेवलात का आबा?” आणि खोलीत गेली. त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी ‘चहा’ आणि ‘गोळी’ एवढंच बोलली. ऋतुराजला विचारलं तर तो सांगायचा, वडील काही बोलत नाहीत, फक्त रोज कंप्युटरवर बसून काहीतरी लिहितात. मला झोप लागेना. (थोडी वड्यांमुळं, पण मुख्य काळजीनं.) मेघानं तात्यासाहेबांची ती जुनी मेलही शोधून काढली. एकोणीस अपेक्षांच्या खाली शेवटची ओळ होती: ‘देवक व मामाकूळ समक्ष भेटीत सांगू.’

म्हणजे ज्याच्यासाठी एवढा तमाशा झाला, ते मेलीत नव्हतंच. आणि समक्ष भेटीत मी चौदा वडे खाऊन आलो, पण देवक विचारायचं राहिलं.

घटस्थापनेला सकाळी आंघोळ करून सगळे लॅपटॉपपुढं बसलो. नऊ वाजता मेल आली. तात्यासाहेबांची. ‘विषय: कु. चंद्रभागा हिस अनुरूप स्थळ.’ मेघानं वाचली:

“जात: रेडा. वय: एकाहत्तर. शिक्षण: सातवी, आठवीत दोन वर्षं. रंग: सावळा, घाबरल्यावर पिवळा. आहार: एका बैठकीत चौदा वडे. गुण: खोडी काढतो, पण पकडला की खरं बोलतो. शेण काढण्याची अट मान्य; पहिला महिना शिवमचे वडील काढतील, पुढं स्थळानं स्वतः काढावं. ता. क.: आमचं देवक सूर्यफूल. तुमचं मोर, हे पोह्यांच्या वेळी तुमच्या मंडळींनी आमच्या मंडळींना सांगितलंच होतं. वेगळं आहे. दसऱ्यानंतर साखरपुड्याला या. वडे नसतील.”

तनुजानं आधी आईला मिठी मारली, मग मला, आणि माझ्या कानात म्हणाली, “आबा, तुमच्यापेक्षा भारी आहेत ते.” हे मला लागलं. मी गोजरबाईकडं वळलो.

“तुला पोह्यांच्या दिवशीच दोन्ही देवकं ठाऊक होती?”

“व्हय. चहा करताना बोललो आमी बायका.”

“मग सांगितलं का नाय?”

“तुमी इचारलं का? तुमी तर फायलीला लावून ठेवलं होतं.”

तेवढ्यात मेघा हसत म्हणाली, “आबा, ही मेल फक्त आपल्याला नाही आली. तात्यासाहेबांनी बाकीच्या बावीस जणांनाही पाठवलीय. तुमच्या आऊटबॉक्सातलेच पत्ते. मीच दिले होते त्यांना, मागितले म्हणून.”

फोन वाजला. फर्दापूरची सायली. मी घ्यायच्या आत गोजरबाईनं उचलला आणि स्पीकरवर टाकला.

“आजी, सासऱ्यांनी मेल वाचली. पूर्ण नाय वाचली, वरचं वाचलं. आमच्या दोन म्हशी आहेत. ते विचारतायत, तुमच्याकडचा रेडा द्यायचा आहे का?”

गोजरबाईनं माझ्याकडं टोपीपासून चपलेपर्यंत बघितलं. कधी नव्हे ती इतकी निवांत.

“व्हय गं, मोकळाच आहे,” ती म्हणाली. “पण बघून न्या म्हणावं. एकदा नेला की आमी परत घेत नाय.”